इंद्रजितच्या वाट्याचा बॉल

"आई, हलू नकोस गं. टोचेल तुला," इंद्रजित म्हणाला आणि माझ्या जर्सीवर फूल लावायला वाकला.

वाकला म्हणजे खरंच वाकला. साडेसहा फुटांचं धूड, खांद्यावर ती फळकुटांसारखी पॅडं, त्यावर सत्त्याऐंशी नंबरची जर्सी. आम्ही स्टेडियमच्या पोटातल्या बोगद्यात उभे होतो. तिथूनच खेळाडू मैदानावर पळत येतात. बाहेर बँड वाजत होता, चाळीस हजार माणसं कोकलत होती आणि नोव्हेंबरचं वारं नुसतं हाडं फोडत होतं. मी इरकलीच्या आत गरम पायजमा, वर स्वेटर आणि त्याच्यावर लेकाच्या नंबरची जर्सी घातली होती. यांनी सकाळीच सर्टिफिकेट दिलं होतं, "शिमग्याचं सोंग दिसतंयस." स्वतः कानटोपीवर टीमची टोपी घालून आले होते, ते चालतंय.

तिकडं अमेरिकेतल्या कॉलेजांत ही एक रीत आहे. शेवटच्या वर्षाची पोरं आपल्या शेवटच्या मॅचला आईवडिलांना घेऊन मैदानात येतात. माइकवर नाव पुकारतात, मधोमध कोच उभा असतो, तो आईला मिठी मारतो, बापाचा हात दाबतो, फोटो होतो. प्रत्येक आईला शेवंतीचं भलंमोठं पिवळं फूल देतात, त्याला हातभर रिबिनी. ते फूल लेकानं आपल्या हातानं लावायचं.

"लागलं ना नीट?" त्यानं विचारलं. "आणि तू धपाटे आणलेत ना? मॅच झाली की पहिले धपाटे."

मी खाली बघितलं. टाचणी फुलातून आरपार जाऊन त्याच्याच बोटात शिरली होती. चांगली खोल. पिवळ्या पाकळ्यांवर रक्ताचा ठिपका मोठा मोठा होत होता आणि हा आपला दाबतोय, वर धपाट्यांची चौकशी करतोय.

"इंद्या, बोट."

"काय?"

"बोट बघ तुझं."

त्यानं बघितलं. पण टाचणी काढायच्या आधी त्यानं माझ्याकडं बघितलं.

माझे वडील कोल्हापुरात तालमीचे वस्ताद होते. तालमीत बाईनं पाऊल टाकायचं नाही; पण तिथून मोडून आलेला माणूस घरी बायकांच्याच हवाली असतो. माझा थोरला भाऊ दौलतदादा एकदा मानेवर पडला. बाहेरून काही दिसत नव्हतं. आधी बोटांना मुंग्या आल्या, मग चहाचा चटका लागेना. आम्ही हसायचो, म्हणायचो, दादाची कातडी म्हशीची. वर्ष संपता संपता तो हात काडीसारखा वाळला. माझ्या बापानं तेल म्हणू नका, शेक म्हणू नका, पुण्यामुंबईचे डॉक्टर म्हणू नका, काही सोडलं नाही. जे गेलं ते गेलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"आई, प्लीज."

"इंद्या, कानाखाली देईन. कधीपासून?"

त्यानं मान वळवून बोगद्याच्या तोंडाकडं बघितलं. हे तिथं दुसऱ्या पोरांच्या बापांबरोबर फोटो काढण्यात रंगले होते. त्यांना काही ऐकू जाणार नव्हतं.

"मंगळवार," तो म्हणाला. "प्रॅक्टिसमध्ये मान अशी दबली, आणि उजव्या हातातून करंट गेला. मग गेला करंट. आता नुसतं झोपलंय. हा अंगठा आणि ही दोन बोटं."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"सांगितलं तर आज बसवतील."

"मग बसवू देत की! बस म्हणतील तर बसायचं!"

"शेवटची मॅच आहे, आई. हिच्यानंतर काहीच नाही. मला कोण पुढं घेणार नाही, माहितीये मला. आज संपलं की संपलं." त्यानं माझं मनगट धरून दाबलं, बांगड्या रुतल्या. "हे बघ, जोर आहे ना? जोर कुठं गेला नाही. मला फक्त ढकलायचं असतं. ढकलायला बोटं कशाला लागतात?"

ते मात्र खरं होतं. या अमेरिकन फुटबॉलमध्ये त्याच्या जागेला टाइट एंड म्हणतात. एका टोकाला उभं राहायचं, समोरून येणारे राक्षस अंगावर घ्यायचे, बॉल घेऊन पळणाऱ्याला वाट करून द्यायची. कधीमधी त्यानं स्वतः पुढं पळून बॉल झेलायचा, असंही असतं; पण ते ज्याचं नशीब असेल त्याचं. आमच्या इंद्रजितचं काम थोरल्या सुनेचं. दिवसभर चुलीपुढं राबायचं आणि पंगतीत कौतुक भलत्याचंच व्हायचं. चार वर्षांत कॉलेजच्या एकाही मॅचमध्ये एकही बॉल त्याच्याकडं फेकला गेला नव्हता. हे दर शनिवारी दुर्बीण लावून बसायचे आणि दर शनिवारी म्हणायचे, "पुढच्या वेळी देतील बघ."

"मी आत्ताच्या आत्ता बाबांना सांगते," मी म्हटलं.

तसा त्यानं माझा हात उचलला आणि आपल्या डोक्यावर ठेवला.

"माझी शपथ आहे तुला. बाबांना सांगायचं नाही. कधीच नाही."

आता बघा, मी बीएस्सी झालेली बाई. लग्नाआधी शाळेत विज्ञान शिकवायचे. पण ही शपथ मीच त्याला पाजली होती. दूध संपव, माझी शपथ. रस्त्यावर एकटा जाऊ नकोस, माझी शपथ. तिकडं जन्मलेल्या पोराला धड बाराखडी येत नाही. पण आईला कुठं बांधायचं ते बरोबर येतं. शपथेला काय व्हिसा लागत नाही. ती मोडली आणि आज याला काही झालं तर? आणि नाही मोडली आणि तरी झालं तर? हात त्याच्या केसांत तसाच राहिला माझा. हे गेले त्याला आता दीड वर्ष होऊन गेलं, म्हणून हे सगळं सांगायला तोंड तरी उघडतंय.

तेवढ्यात माइकवर आमचं नाव आलं. 'इंद्रजित घाटगे' या दोन शब्दांचं त्या माणसानं पार भरीत केलं. हे धावत आले, "चला चला, आपला नंबर!" आणि आम्ही तिघं उजेडात आलो.

काय तो आवाज! एकीकडून यांनी लेकाचा दंड धरलेला, दुसरीकडून त्यानं माझा हात धरलेला. तोच उजवा. बर्फासारखा गार. हे लोकांकडं बघून टोपी हलवत होते, वरात यांचीच असल्यासारखे. हिरवळीवर चालताना मी हसत होते, कारण समोर कॅमेरे होते. आणि मनात एकच चालू होतं, शपथ बाबांना न सांगायची घातलीय त्यानं. कोचला न सांगायची नाही घातली.

कोच हॅन्ली मोठा रांगडा गडी, टमाट्यासारखा लाल. यांचा हात हातात घेऊन तो त्यांच्या कानाशी काहीतरी बोलला, तसे हे एकदम खुलले. मग तो माझ्याकडं वळला, मिठी मारायला वाकला, आणि मी त्याच्या कानात घाईघाईनं सांगून टाकलं. मान दबलीय. उजव्या हाताची तीन बोटं बधिर आहेत. त्याला खेळवू नका.

तो माणूस चांगला होता, उगाच का खोटं बोला. हसण्यावारी नेलं नाही त्यानं. फोटो झाला तसं टीमच्या ट्रेनरला खूण केली. ट्रेनरनं इंद्रजितला बाजूला घेतलं, मान इकडं वळव, तिकडं वळव, माझी बोटं दाब, हात वर रेट, असं सगळं करवून घेतलं. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. ट्रेनरनं शेवटी काहीतरी विचारलं. इंद्रजितनं मान हलवली. नाही. परत विचारलं. परत नाही.

"काय चाललंय गं तिकडं?" यांनी विचारलं.

"टेप लावतायत वाटतं," मी म्हटलं.

कोच परत आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मॅडम, बैलाची ताकद आहे त्याच्यात. तो म्हणतोय, काहीच त्रास नाही. बावीस वर्षांचा आहे तो, त्याचा शब्द मला मानावाच लागतो. आया काळजी करतात, माझीही करायची."

मी म्हटलं, "खोटं बोलतोय तो." म्हटलं असेन मी, पण बँड सुरू झाला होता आणि कोच पुढच्या आईकडं गेला होता.

इंद्रजित हेल्मेट घालत माझ्या जवळून गेला. मला वाटलं, आता डोळे वटारणार. तो म्हणाला, "चालेल. शपथ बाबांना न सांगायचीच होती." आणि पळाला.

आम्ही वर आमच्या जागेवर येऊन बसलो. मॅच सुरू झाली. हे मला नेहमीसारखं समजावत होते, आता हे इकडून जाणार, आता ते तिकडून येणार. मी फक्त एक मान बघत होते. शिट्टी वाजली की सगळी धडकायची, ढीग व्हायचा, आणि त्या ढिगातून सत्त्याऐंशी उठला की मी श्वास घ्यायची. पुन्हा शिट्टी. मधेच तो उजवा हात झटकायचा. हे म्हणायचे, "थंडीनं आखडलाय." मी म्हणायची, "असेल."

आमची टीम पुढं होती, चांगली पुढं. शेवटचा डाव सुरू झाला तसे हे माझ्याकडं सरकले. त्यांचं तोंड बघायला पाहिजे होतं, चोरून लाडू खाल्लेल्या पोरासारखं.

"तुला एक सांगू? सांगायचं नव्हतं, पण राहवत नाही आता. कोच मला काय म्हणाला मगाशी? म्हणाला, मिस्टर घाटगे, चार वर्षं तुमच्या पोरानं तक्रार केली नाही. आज त्याला एक बॉल देणार. कसंही करून देणार."

खाली सत्त्याऐंशी परत उजवा हात झटकत होता.

"अगं, ऐकलंस का? बॉल देणार! आपल्या इंद्याला!"

"आज नको," मी म्हटलं.

"काय नको? येडी का खुळी तू? बारा वर्षं पहाटे उठून गाडी हाणली ती कशासाठी? एकदा, फक्त एकदा या डोळ्यांनी बघायचंय मला." आणि त्या अमेरिकन माणसांच्या मधोमध उभे राहून त्यांनी बेंबीच्या देठापासून आरोळी ठोकली, "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" पुढच्या रांगेतला एक म्हातारा हातातली कॉफी सांडत वळला.

मग बसले, डोळे मिटले आणि पुटपुटले, "देवा, एकदा धरू दे त्याला. जोडीनं डोंगरावर येतो, पोतंभर गुलाल उधळतो." आणि मी त्यांच्या शेजारी बसून त्याच देवाला म्हणत होते, बॉल येऊ देऊ नकोस. अनवाणी येते, पण येऊ देऊ नकोस. नवराबायकोनं एकाच देवाला असे उलटे नवस बोलले तर त्या देवानं तरी काय करायचं?

मी खाली जायला म्हणून उठले सुद्धा. पायऱ्यांवर रखवालदार होता. मैदानाकडं जाता येणार नाही म्हणाला. माझा मुलगा आहे तिथं म्हटलं, तर हसून म्हणाला, तिथं सगळी कुणाची ना कुणाची मुलंच आहेत. हे वरून ओरडत होते, "अगं बस की! आत्ता कुठं निघालीस? आत्ताच येईल!" मी परत येऊन बसले.

आणि आला. समोरच्यांची सगळी पोरं भलत्याच बाजूला पळवली होती, मुद्दाम. इंद्रजित एक धक्का देऊन सुटला आणि मोकळ्या मैदानात एकटाच वळून उभा राहिला. आसपास कुणी नाही. बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकनं किती जपून टाकला तो! लहान पोराला टाकतात तसा, हळू, उंचावरून, बरोबर हातात. हे उभे राहिले, माझा दंड धरला. सगळं स्टेडियम उभं राहिलं. बाकी पोरांना ठाऊक होतं, बाकावरची पोरं तर आधीच उड्या मारत होती.

बॉल त्याच्या हातांत आला. मी बघितला. दोन्ही तळव्यांच्या मधे होता. डाव्या हातानं धरला, उजव्याला कळलंच नाही काही आलंय म्हणून. तो उजव्या बाजूनं निसटला, त्याच्या गुडघ्यावर आपटला आणि गवतावर टुणटुण उड्या मारत गेला.

चाळीस हजार माणसांनी एकदम "ओऽऽह" केलं. असा आवाज मी परत कधी ऐकला नाही, आणि ऐकू नये.

"अरे! अरे लेका!" यांनी दोन्ही हातांनी कपाळ बडवलं. "एवढा सोपा बॉल! शेंबड्या पोरानं धरला असता! हात नव्हते का रे तुला?"

इंद्रजित तिथंच उभा राहून आपले पंजे उलटेपालटे करून बघत होता. मग कोणीतरी येऊन त्याच्या हेल्मेटवर थाप मारली आणि तो रांगेत जाऊन उभा राहिला. पुन्हा ढकलायला. लोकांनी दयेनं टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचा मला इतका राग आला की मी माझ्या जर्सीवरचं ते फूल ओरबाडून काढलं.

मॅच जिंकली म्हणे. आम्ही पार्किंगमध्ये गाडीशी उभे राहिलो. तिथं सगळे गाड्यांची मागची दारं उघडून खात-पीत असतात. हे ओळखीच्या एका जोडप्याशी बोलायला गेले होते, म्हणजे त्यांच्यापुढं लेकाची लाज झाकायला गेले होते. तेवढ्यात अंघोळ करून, शर्ट अडकवून इंद्रजित आला. केस ओले, वर कोट, आणि आत शर्टाची सगळी बटणं उघडी, त्या थंडीत.

"आई," तो म्हणाला, "बटणं लाव ना. मला लागेनात."

गाडीच्या आडोशाला मी त्याची बटणं लावायला घेतली. खालून वर. दोनदा चुकली.

"त्या कोचनं..." मी म्हटलं.

"त्यांनी चांगल्यासाठी केलं. मी त्यांना नको म्हणू शकलो नाही. काय कारण सांगणार?"

"आता डॉक्टरकडं. उद्याच्या उद्या."

"जातो. पण बाबांना नाही."

"अरे, पण ते तुला काय काय बोलतील! आयुष्यभर बोलतील!"

"बोलू दे," तो म्हणाला. "बॉल सोडला म्हणून मला बोलतील, ते बरंय. हात गेला कळलं तर स्वतःला बोलतील. त्यांनीच मला घातलं ना खेळायला. ते झोपणार नाहीत, आई. तुला माहितीये."

मला माहीत होतं. माझे वडील दादाच्या हातानंतर पुन्हा कधी तालमीत गेले नाहीत. जेवताना दादानं डाव्या हातानं घास उचलला की ते ताटावरून उठायचे.

तेवढ्यात हे आले. लेकाला वरपासून खालपर्यंत बघितलं, मला त्याच्या गळ्याशी बटण लावताना बघितलं आणि म्हणाले, "घे, लाडानं वाटोळं केलंस. बावीस वर्षांचा घोडा आणि आई बटणं लावतीय. काय रे, हाताला तेल लावून आला होतास काय?"

"हो बाबा," इंद्रजित हसून म्हणाला. "सुटला."

दुसऱ्या दिवशी तो खरंच डॉक्टरकडं गेला. हात दादासारखा वाळला नाही, ही जोतिबाची कृपा. पण अंगठा आणि शेजारचं बोट आजही त्याला आपलं वाटत नाही. आणि हे? कुणी पाहुणे आले, जेवणं झाली, पान जमलं की सुरू. "आमच्या चिरंजीवांना देवानं एकच बॉल दिला होता..." तो शेजारी बसून हसायचा, वर आपणच भर घालायचा, कसा गुडघ्यावर आपटला, कशा उड्या मारत गेला. मी उठून स्वयंपाकघरात जायची.

त्या दिवशी त्याला हॉस्टेलवर सोडून आम्ही घरी निघालो. दोन्ही बाजूंना मका कापलेली शेतं, रस्ता सरळ. हे नुसतं समोर बघत गाडी हाणत होते. मला वाटलं, रागात आहेत. मग त्यांनी गाडी कडेला घेतली, बंद केली, आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागले. लग्न झाल्यापासून मी त्यांना असं रडताना बघितलं नव्हतं.

"एकच आला गं," ते म्हणाले. "सगळ्या आयुष्यात पोराच्या वाट्याला एकच आला, आणि तोसुद्धा... काय वाटत असेल गं त्याला आत्ता? आणि मी मेल्यानं त्याला तेल लावलं होतंस का विचारलं."

मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. जिभेच्या टोकावर आलं होतं. एक शब्द बोलले असते तर त्यांचा तो बॉलचा सल गेला असता, आणि त्याच्या जागी दुसरा आला असता, तो माझ्या बापाला आला होता तसा.

बऱ्याच वेळानं ते सावरले, डोळे पुसले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "तुला या खेळातलं काही कळत नाही, हे किती बरंय गं."

"हो," मी म्हटलं आणि त्यांना रुमाल दिला.